बागेतला मांडव: दिवाळीनंतर उभा करा, वळवाच्या आधी उतरवा

नाशकात दिवाळी संपली की सकाळचं ऊन खायला बागेत बसावंसं वाटतं आणि मार्च लागला की त्याच जागी सावली हवी असते. मग लोक काय करतात तर शेड टाकून घेतात, चार खड्डे, त्यात काँक्रीट, खाली कोबा, वर पत्रा, आणि तात्पुरतं म्हणून केलेलं ते शेड वर्षानुवर्षं तसंच राहतं, खालची माती दगडासारखी होते, शेजारच्या आंब्याच्या मुळांपर्यंत पाणी जात नाही आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसवतही नाही. ज्यांना पहिल्यांदाच बागेत मांडव घालायचाय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. माझं मुख्य सांगणं एकच आहे, मांडव कसा उभा करायचा हे ठरवायच्या आधी तो कसा उतरवायचा ते ठरवा. ते ठरलं की पाया कसला, खिळे ठोकायचे की गाठी मारायच्या, छताला काय वापरायचं, यातले निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

इथे मी १२ बाय १० फुटांचा, आठ-दहा माणसं आरामात बसतील असा मांडव धरून चाललेय. यापेक्षा मोठा करायचा असेल तर एखाद्या जाणत्या कारागिराला सोबत घ्या, पहिल्याच वेळी एकट्याने नको.

वेळापत्रक आधी

नोव्हेंबरात सांगाडा उभा करायचा, छत हळूहळू फेब्रुवारी अखेरपर्यंत भरत न्यायचं, आणि मेच्या मध्यावर, वळवाचा पाऊस जोर धरायच्या आत छत उतरवायचं. हे असं का, तर आपल्याकडे थंडीही खरी असते आणि ऊनही. शेजारच्या निफाडचा पारा तर राज्यात सगळ्यात खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत गच्च छत कोणाला हवंय, तेव्हा नुसत्या कामट्यांची, म्हणजे बांबू चिरून काढलेल्या पट्ट्यांची, जाळी पुरते. एप्रिलमधे चाळिशीच्या आसपास पारा गेला की मात्र दाट सावली लागते. एकाच मांडवाला दोन ऋतू सांभाळायचे असतील तर छत टप्प्याटप्प्याने भरणं हाच सोपा मार्ग आहे.

जागा निवडताना

सुट्टीच्या एका दिवशी सकाळी ९, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी ४ वाजता बागेत चक्कर मारा आणि सावली कुठे पडते तिथे चुन्याने किंवा काठीने खूण करा. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात ऐन दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावली दिवस. याचा मांडवाशी संबंध काय, तर ८ फूट उंचीच्या छताची सावली डिसेंबरातल्या दुपारी जवळजवळ साडेसात फूट उत्तरेकडे सरकते आणि मेमधे ती छताच्या बरोबर खाली पडते. म्हणून मांडवाची १२ फुटांची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या भागात ऊन येईल, तिथे आजी-आजोबांच्या खुर्च्या टाका, आणि उन्हाळ्यात त्याच जागी सावली मिळेल, काहीही हलवावं लागणार नाही.

आता झाडांचं. नवखे लोक हमखास मोठ्या झाडाच्या अगदी बुंध्याशी मांडव घालतात, कारण सावली आयतीच असते. पण झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, तिथे खड्डे घेतले आणि रोज माणसं वावरली की माती दाबली जाते आणि झाड हळूहळू सुकायला लागतं. घेराच्या बाहेर, पण दुपारची सावली पोचेल अशी जागा शोधा. झाडाला खिळा ठोकायचा नाही, तार आवळायची नाही, मांडवाचा दोर झाडाला बांधायचा नाही. गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या ठिसूळ, वाऱ्यात पटकन मोडतात, त्यांच्यापासून लांबच राहा.

आंब्याखाली बसायची हौस सगळ्यांना असते, पण मोहोर आल्यावर आंब्यावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकट गोड स्राव खाली टपकत राहतो, खुर्च्या, चादरी, चहाचे कप सगळं चिकट होतं आणि मग त्यावर काळी बुरशी धरते. जानेवारी ते मार्च आंब्याच्या अगदी खाली मांडव नकोच.

फांदी आड येते म्हणून कापून टाकू असं कोणी म्हणालं तर थांबवा. शहरात झाडं तोडायला महापालिकेची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ पासून राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा वेगळा कायदाच आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हणाले असते, मांडव दोन फूट सरकवता येतो, फांदी परत जोडता येत नाही. जागा नक्की करण्याआधी वर घरटं आहे का, खाली मुंग्यांचं वारूळ आहे का तेही बघून घ्या. सोसायटीची बाग असेल तर कमिटीला लेखी विचारा आणि उतरवायची तारीखसुद्धा त्यातच लिहा, परवानगी पटकन मिळते.

जमीन कशी आहे ते बघा

नाशकात दोन मैलांवर जमीन बदलते. चांदोरी-सायखेड्याकडची गोदाकाठची माती काळी, आणि पांडवलेणी-चामरलेणीसारख्या टेकड्यांच्या पायथ्याला हातभर खणलं की मुरूम लागतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, खांब आज घट्ट वाटला तरी एप्रिलमधे डुगडुगायला लागतो. अशा जमिनीत खड्डा दोन फूट घ्या, तळाला दगडाची चीप ठेवा, खांब उभा करा आणि भोवती काढलेली काळी माती परत न भरता मुरूम आणि दगडाचे तुकडे सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून प्रत्येक थर पहारीने ठोकून बसवा. सिमेंट अजिबात नको. मुरमाची जमीन असेल तर दीड फूट पुरतो, फक्त पहार चालवायला दोन दांडगे हात लागतात.

आणि जिथे खणताच येत नाही, खाली खडक आहे किंवा ड्रिपचे पाईप गेलेत, तिथे खांबाच्या बुडाशी मुरमाने भरलेल्या गोण्या बांधायच्या. किती वजन लागेल याचा अंदाज असा घ्या. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर दर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा दाब येतो. आपलं छत बाहेर काढलेल्या कडा धरून १४ बाय १२ फूट, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटरच्या आसपास. त्यावर ताडपत्री टाकलीत आणि वारा खालून शिरला तर अडीचशे किलोच्या वर जोर तो मांडव उचलायला लागतो! म्हणून खडकाळ जागी सहा खांबांना प्रत्येकी ५० किलोच्या आत वजन ठेवूच नका, आणि ताडपत्रीचं तर नावही काढू नका. वारा आरपार जाईल असंच छत हवं.

बांबू घेताना

लाकूड-बांबूच्या वखारीत गेलात की आधी हिरवेगार, चकचकीत बांबू दाखवतात, दिसायला ते छान असतात पण ते कोवळे. कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि आपण आवळलेली गाठ महिन्याभरात सैल पडते. निदान तीन वर्षांचा बांबू घ्या. तो कसा ओळखायचा? रंग मंदावलेला, अंगावर पांढरट-करडे डाग, पेराजवळचं, म्हणजे बांबूच्या भरीव सांध्याजवळचं, साल गळून गेलेलं, आणि बोटाच्या सांध्याने वाजवला की खणखणीत आवाज. हातात घेऊन बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड पडतेय का बघा, पडत असेल तर किडा लागलाय, तो नग बाजूला. थंडीत तोडलेल्या बांबूत साखर-पिष्ट कमी असतं म्हणून त्याला कीड कमी लागते, पावसाळ्यात तोडलेला शक्यतो नकोच. पेठ-सुरगाण्याकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट मिळाला तर उत्तमच, दादांना आधी सांगून ठेवलं की ते बरोबर जून बांबू बघून तोडून देतात.

लागणारं सामान असं धरा, २० फुटी बांबू दहा आणि वर दोन-तीन जास्तीचे. खांबांसाठी तीन इंच जाडीचे तीन बांबू, प्रत्येकाचे दोन तुकडे केले की १० फुटी सहा खांब झाले. दोन बांबू १४ फुटी आडव्या तुळयांना, पाच बांबू १२ फुटी वाशांना, आणि या सगळ्यांतून उरलेले सहा-आठ फुटांचे तुकडे तिरक्या टेकूंना, काही वाया जात नाही. जास्तीचे बांबू चिरून त्यांच्या कामट्या करायच्या. हत्यारं म्हणजे करवत, कोयता, गिरमिट, पहार, ओळंबा आणि लाईनदोरी, बास.

खांबाचा बुडखा म्हणजे जाड बाजू खाली, शेंडा वर. जमिनीत जाणारा भाग मंद जाळावर फिरवून वरून काळा करून घ्या, वाळवी आणि कुजणं दोन्ही काही महिने लांबतं. काही लोक जुनं इंजिन ऑइल फासतात, ते तेल मातीत उतरतं, ते करू नका. खांबाच्या वरच्या टोकाला पेराच्या लगेच वर कापायचं म्हणजे पोकळ नळी उघडी राहत नाही, नाहीतर अवकाळी पावसाचं पाणी साठून त्यात डास होतात. उरलेले बोटभर जाडीचे, एका बाजूला पेर असलेले तुकडे फेकू नका. दहा-पंधरा एकत्र बांधून सावलीत, पावसापासून आडोशाला आडवे टांगून ठेवा, एकट्या राहणाऱ्या छोट्या मधमाश्या त्यात अंडी घालतात आणि बागेतल्या भाज्यांना त्यांचा फार उपयोग होतो.

आखणी आणि उभारणी

चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका, दोरी ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय १० च्या चौकटीत दोन्ही कर्ण १५ फूट साडेसात इंच आले पाहिजेत, कमी-जास्त येत असतील तर कोपरे काटकोनात नाहीत, तिथेच दुरुस्त करा, खांब पुरल्यावर काही करता येत नाही. लांब बाजूंना तीन-तीन खांब. पूर्वेकडचे खांब जमिनीच्या वर ८ फूट आणि पश्चिमेकडचे ७ फूट ठेवा, म्हणजे छताला पश्चिमेकडे उतार येतो. दुपारी चारनंतरचं तिरपं ऊन खालच्या कडेने अडतं आणि पूर्वेची बाजू उंच असल्याने सकाळचं कोवळं ऊन आत येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बांधणी. बांबूला खिळा ठोकला की तो उभा चिरतो, त्या क्षणी दिसलं नाही तरी उन्हात चीर वाढत जाते. म्हणून खिळे नकोत, आणि उतरवतानाही खिळे काढत बसणं म्हणजे बांबू वाया घालवणं. त्याऐवजी खांबाच्या टोकाला करवतीने आणि कोयत्याने अर्धगोल खाच पाडा, तुळई त्यात बसली पाहिजे. खाचेच्या खाली चार बोटांवर, पेराच्या खालच्या अंगाला, गिरमिटाने आरपार भोक पाडून बाभळीची खुंटी घाला, खुंटीची दोन्ही टोकं बाहेर राहू द्या. काथ्याची दोरी अर्धा तास पाण्यात भिजत घालायची आणि ओलीच वापरायची. खुंटीला एक फास, मग तुळईवरून पलीकडे, खुंटीखालून परत वर, असे चार फेरे शेजारी शेजारी, एकावर एक नाही, प्रत्येक फेऱ्याला पायाने रेटा देऊन ओढायचं. मग खांब आणि तुळई यांच्या मधून आडवे दोन-तीन फेरे घेऊन आधीचे फेरे आवळून घ्यायचे आणि शेवटची गाठ. दोरी वाळते तशी आकसते आणि दुसऱ्या दिवशी तो सांधा हातानेसुद्धा हलत नाही. प्लॅस्टिकच्या दोरीत हे होत नाही, ती घसरते आणि उन्हाने तिचे तंतू सुटून मातीत जातात.

तुळया झाल्या की त्यांच्यावर आडवे पाच वासे सारख्या अंतरावर, दोन्हीकडे फूटभर बाहेर. मग टेकू. नवखे लोक टेकू विसरतात कारण मांडव त्यांच्याशिवायही उभा दिसतो, पण तो उभा दिसतो तेवढाच, वाऱ्याने एका बाजूला कलायला लागतो. प्रत्येक कोपऱ्यात दोन तिरके टेकू, खांबापासून तुळईपर्यंत आणि खांबापासून वाशापर्यंत, म्हणजे आठ. पश्चिमेकडून दोन ताणाचे दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधा आणि त्यांना चिंध्या बांधून ठेवा, नाहीतर पोरं अडखळून पडतात.

छत

नोव्हेंबरात वाशांवर फक्त कामट्या, वीतभर अंतराने, आडव्या, सुतळीने बांधलेल्या. जानेवारीनंतर तुरीची काढणी झालेली असते, तुराट्या मिळतात, त्यांच्या दोन-तीन फूट रुंद ताट्या विणून कामट्यांवर एकेक करून टाका. सगळ्यात आधी पश्चिमेच्या कडेला, मग मध्ये, शेवटी दक्षिणेला. तुराट्यांतून वारा जातो, ऊन गाळून येतं आणि मांडव उतरवल्यावर त्यांचं सरपण होतं. उसाचं पाचटही चालतं, निफाडकडे हंगामात भरपूर मिळतं, पण ते वाऱ्याने उडतं म्हणून वरून कामट्यांचा दाब लागतो. जुनी सुती लुगडी घरात असतील तर आतल्या बाजूने झोळीसारखी सैल बांधा, कचरा खाली पडत नाही आणि प्रकाश फार सुंदर येतो.

शेडनेट वापरू का असं खूप जण विचारतात. वापरा, पण ५० टक्के सावली देणारी, अखंड तुकडा, कात्रीने न कापता कडा दुमडून, आणि काही हंगाम तीच वापरणार असाल तर. तिचे कापलेले धागे बागेत पडले की वेचून संपत नाहीत. माझी पसंती तुराट्यांनाच आहे.

वाळलेलं छत आहे, तेव्हा खाली चूल, शेगडी, शेकोटी, पणत्या काहीही नको. शेकोटी करायची तर वाऱ्याची दिशा बघून निदान वीस-पंचवीस फुटांवर, आणि मांडवाच्या खांबापाशी पाण्याची भरलेली बादली कायम ठेवा.

वेल

नाशिककर म्हटल्यावर पहिला प्रश्न येतो, द्राक्षाचा वेल सोडू का? तात्पुरत्या मांडवाला नका सोडू. द्राक्ष हे बारमाही पीक, लावल्यावर फळाला यायला दीड-दोन वर्षं जातात, त्याला एप्रिल आणि ऑक्टोबरची छाटणी, डाउनी-भुरी या रोगांची काळजी, आणि वर्षानुवर्षं टिकणारा तारांचा मांडव लागतो. आपल्याला चार-सहा महिन्यांत चढणारं आणि उतरवताना जीवावर न येणारं काहीतरी हवं. नोव्हेंबरात वाल लावा, थंडीत मस्त चढतो आणि शेंगाही देतो. जानेवारी अखेरीस दोडका, कारली, ते मार्च-एप्रिलमधे छतावर पोचतात, म्हणजे नेमकी सावली हवी तेव्हा. गोकर्ण कडेला असू द्या, मधमाश्या येतात. वेल मांडवाच्या आत न लावता खांबापासून फूटभर बाहेर लावा, म्हणजे पाणी घालताना खांबाचं बूड ओलं राहत नाही. पश्चिमेच्या बाजूला सुतळ्या उभ्या ताणून त्यांवर वेल चढवला की हिरवा पडदाच तयार होतो.

खाली

फरशी नाही, ब्लॉक नाहीत. हिरवळ असेल तर तशीच ठेवा आणि बैठक दर पंधरा दिवसांनी थोडी सरकवा. माती असेल तर पाणी मारून, धुम्मसाने हलकी ठोकून शेणाने सारवून घ्या आणि आठवड्याला हात फिरवा. नदीतून गोटे उचलून आणू नका. दिवे लावायचे तर पिवळसर, मंद आणि खाली तोंड केलेले, उठताना बंद करायचे, पांढऱ्या झगझगीत दिव्यावर किडे तुटून पडतात आणि बिचारे तिथेच मरतात.

पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या गाठी हाताने चाचपा. एप्रिलपासून आभाळ भरून आलं, वारा पडून एकदम उकडायला लागलं की मांडवाखाली कोणी बसायचं नाही, गारपीट आपल्याकडे नवीन नाही, आणि वळवाचा वारा कुठूनही येतो.

उतरवताना

ज्या क्रमाने बांधलंत त्याच्या उलट, अपवाद फक्त टेकूंचा. आधी वेल कापून सुकू द्या, मग ताट्या, कामट्या, वासे, तुळया, टेकू सगळ्यात शेवटी, कारण टेकू आधी काढले तर चौकट अंगावर कलते. खांब हलवून हलवून सरळ वर ओढा. काथ्याची दोरी चांगली असेल तर सोडवून गुंडाळा, तुटकी कंपोस्टमधे. पाचट झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरा, जूनपर्यंत ओल धरून ठेवतं. बांबू जमिनीवर टाकू नका, विटांवर आडवे, छताखाली, हवा खेळती राहील असे रचा आणि प्रत्येकावर खडूने लिहा, खांब पूर्व, वासा, तुळई, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर मापं परत घ्यावी लागत नाहीत.

खड्ड्यांतला मुरूम आणि दगड काढून गोणीत भरून ठेवा आणि खड्डे मूळच्या मातीनेच भरा, त्यासाठी नोव्हेंबरात काढलेली माती बाजूला ढीग करून ठेवलेली असली पाहिजे, हे उभारणीच्या दिवशीच लक्षात ठेवायचं. वावराने दाबलेली जागा वीतभर खोल कुदळीने सैल करा, पलटी मारायची गरज नाही. मृगाचा चांगला पाऊस झाला की तिथे ताग पेरा, मूठ-दोन मुठी बी पुरतं, आणि दीड महिन्याने फुलावर यायच्या सुमारास कापून तिथेच मातीत गाडा.